काय झालं, ते लिही

आमच्या कंपनीत कान बनतात.

खरं नाव इंग्रजीत आहे, आणि ड्रॉइंगवर ते इतकं लांब लिहिलंय की चहाच्या सुट्टीत वाचायला घेतलं तर सुट्टी संपेल. टेंपोच्या इंजिनाखाली बसणारी जाड पत्र्याची वाकवलेली पट्टी, वरच्या अंगाला एक गोल भोक. हातात धरली की माणसाच्या कानासारखी दिसते, म्हणून सगळे कान म्हणतात. ज्या मशिनवर ते भोक शेवटच्या मापाला आणतात, ते कान टोचायचं मशिन. चार वर्षं झाली, मी कान टोचते.

निर्मलाताई गायकवाड आमच्या लाइनच्या प्रमुख. मागच्या महिन्यात त्या रिटायर झाल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवून तीन दिवस झाले, आणि तीन दिवस मी नुसती वहीला समास पाडतेय. सातवीत शाळा सुटलेल्या बाईनं लिहावं तरी कसं, ही धास्ती काही जात नाही. पण मला लिहायला लावलं त्यांनीच. त्यामुळे चुका निघाल्या तर थोड्या त्यांच्याही नावावर जातील.

ताई कडावजवळच्या एका गावातल्या. भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून कर्जतपर्यंत यायच्या, तिथून कंपनीच्या बसनं खालापूरला. बुटक्या, रुंद पंजांच्या. साडीवर कंपनीचा करडा कोट आणि साडीखाली पुढून लोखंडी टोपी असलेले काळे बूट. बूट आधी ऐकू यायचे, ताई मागून दिसायच्या. कोटाच्या एका खिशात चष्मा आणि दुसऱ्यात बडीशेपेची डबी. चिंता असली की चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायच्या, आनंद झाला की डबी सगळ्यांपुढे फिरवायच्या. त्यावरून लाइनला त्या दिवशीचं हवामान कळायचं.

पॅकिंगला डबे चिकटवायला म्हणून लागल्या होत्या. शिक्षण दहावी. बाकीचं सगळं मशिनपाशी उभं राहून शिकल्या.

मोजायची सवय मात्र कंपनीनं लावली नव्हती, ती अंगातच होती. लग्नात जेवणाच्या रांगेत उभ्या राहिल्या तरी हातातल्या घड्याळाकडे बघत पुटपुटायच्या, "मिन्टाला चार ताटं. दोन वाढपी कमी हायत." एकदा बुद्धपौर्णिमेला त्यांनी मला मुलांना घेऊन गावी बोलावलं होतं. विहारापुढे खिरीची रांग. रांग पार रस्त्यावर गेलेली, उन्हात लहान पोरं रडतायत, आणि वाढणारी तरुण मंडळी एकमेकांच्या अंगावर आदळतायत. ताई पाच मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग पदर खोचला आणि पातेलं उचलून दाराच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवलं.

"पेले हितं. खीर हितं. घेतली की तिकडून भायेर. आल्या वाटंनं परत जायचं नाय."

"आत्या, ही काय तुमची कंपनी हाय काय?" एक पोरगा म्हणाला.

"कंपनी असती तर तुला कवाच घरी पाठवला असता. हल बाजूला."

अर्ध्या तासात रांग संपली. तोच पोरगा शेवटी ताईंना खीर घेऊन आला तर म्हणाल्या, "आता येळ हाय ना? मग नीट बसून वाढ." आणि माझ्या धाकट्याला मांडीवर घेऊन त्याला चमच्यानं भरवत बसल्या. इतक्या लांब माझं माहेर-सासर काहीच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या मुलखात आपल्याला बोलावणारं एक घर आहे.

मी कंपनीत लागले त्याच सुमाराला पेंडसे सरांनी कारखान्यात नव्या पद्धती आणायला सुरुवात केली होती. पेंडसे सर कर्जतचेच, गावातल्या जुन्या घरातले. वडील शाळेत मास्तर. सर स्वभावानं गरीब, पण प्रशिक्षणाहून आले की त्यांच्या डोळ्यांत एक चमक असायची आणि ती चमक दिसली की सगळे म्हणायचे, आता काहीतरी रंगवावं लागणार. पिवळे पट्टे रंगवले. हत्यारांच्या सावल्या भिंतीवर रंगवल्या, म्हणजे पाना जागेवर नसला की त्याची सावली ओरडून सांगणार. प्रत्येक लाइनला एक पांढरा फळा आला. त्यावर दर तासाला लिहायचं: ठरलेले किती, झालेले किती. पुरे झाले तर हिरव्या पेनानं. कमी पडले तर लाल पेनानं, आणि पुढच्या रकान्यात कारण.

लोक कुरकुरायचे. ताई कधी कुरकुरल्या नाहीत. "घरात डबे जागेवर ठेवत नाय काय गं तुमी? मग हितं ठेवायला काय झालं?" एवढंच म्हणायच्या.

पण एकदा त्या पद्धतीनंच घोटाळा केला. जे लागत नाही त्याला लाल चिठ्ठी लावायची आणि मागच्या अंगणात नेऊन टाकायचं, असा आठवडा चालू होता. सगळी लाइन आरशासारखी झाली. आणि दुसऱ्या दिवसापासून प्रेसवरून येणाऱ्या कानांना पोचे पडायला लागले. पत्रा बदलला, तेल बदललं, पोचे काही थांबेनात. पेंडसे सर प्रेस चालवणाऱ्या दिनेशसमोर वही घेऊन उभे राहिले. सरांना शिकवलेलं होतं की लागोपाठ पाच वेळा का विचारायचं, पाचव्या का-ला मूळ सापडतं.

"पोचे का पडतात?"

"आपटतात, सर."

"का आपटतात?"

"जोरात येतात, सर."

"का जोरात येतात?"

"मी नाय काय केलं, सर."

"अरे, तू केलंस असं म्हणत नाहीये मी. जोरात का येतात?"

"सर, आईशपथ, मी हातबी नाय लावला."

तिसऱ्या का-नंतर दिनेश त्या एका वाक्यावर जो बसला तो बसलाच. ताई बाजूला बडीशेप चघळत उभ्या होत्या. सर दमून गेल्यावर त्या एका क्रेटवर बसल्या.

"दिन्या, परवा साफसफाई केलीस ती कशी कशी केलीस रं? सांग बरं एकेक."

"पयला झाडू उचलला. मग ती फुटकी बादली. मग दोन नट व्हते. मग त्या घसरगुंडीखालचा लाकडाचा तुकडा. मग..."

"कसला लाकडाचा?"

"काय नाय ओ, असाच पडला व्हता. तेलानं काळा झालेला."

ताई उठल्या, मागच्या ढिगात अर्धा तास खुडबुडल्या, आणि सागाची एक पाचर घेऊन आल्या. कान ज्या पत्र्याच्या घसरगुंडीवरून खाली येतात तिच्या पायाखाली कोण्या जुन्या माणसानं ती कधीतरी ठोकली होती. ती गेली, उतार वाढला, आणि कान आपटायला लागले. पाचर जागेवर बसली आणि पोचे थांबले.

दुसरं कोणी असतं तर महिनाभर हसत फिरलं असतं, बघा तुमच्या नव्या पद्धती म्हणून. ताई सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सायेब, तुमची पद्धत बराबर हाय. ज्याला नाव नाय ते जानारच. हिला आजवर कुनी नावच दिलं नव्हतं." आणि पाचरीला रीतसर चिठ्ठी लागली. पाचर, साग, एक नग. खाली तिच्या आकाराची पिवळी चौकट. ती अजून आहे.

त्या दिवसापासून ताईंचं का-शी वाकडं झालं. आम्हा बायकांना सांगायच्या, "का इचारलं की मानूस कोर्टात उभा ऱ्हातो. कसं इचारलं की बसून गोष्ट सांगतो." फळ्यावर 'कारण' नावाचा जो रकाना होता, त्यावर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं, 'काय झालं'. सर म्हणाले, ताई, हा नमुना गिऱ्हाईक कंपनीकडून आलाय, बदलता येत नाही. ताई म्हणाल्या, बदलला नाय, मराठीत केला.

त्याआधी लाल पेन कोणी हातात घेतच नव्हतं. टोपण न काढताच वाळून गेलं होतं ते. कमी पडले तरी हिरव्यानं बारीक लिहायचं आणि कारण सगळ्यांचं एकच: लाइट गेली. ताई फळ्यापुढे उभ्या राहून म्हणायच्या, "एवढी लाइट जाते, आन् पंखे कसे फिरत व्हते गं?" मग त्यांनी स्वतःच्या पैशानं नवं लाल पेन आणलं आणि पहिलं लिहिलं तेही स्वतःचंच: 'चष्मा बसमध्ये राहिला. मोजायला उशीर झाला. निर्मला.' ते बघून दोन दिवसांनी दिनेशनं लिहिलं, 'पोट बिघडलं. तीन वेळा गेलो.' अख्खी लाइन हसली. पण खरं लिहायला सुरुवात झाली.

एकदा मी सहज बोलून गेले की आमच्या वाशीमकडे का-ला काहून म्हणतात. ताईंनी कपाळाला हात लावला. "काहून! अगं बया, ह्यो तर थेट कानूनच लागला!" तेव्हापासून घरून फोन आला की मला विचारायच्या, "काय गं वाशीम, आज कोनता कानून?" माझं नाव संगीता आहे. पण त्यांनी मला वाशीमच म्हटलं.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय ताई पुऱ्या होत नाहीत.

कंत्राटदारानं मला कंपनीत लावताना कागदावर दहावी पास लिहिलं होतं. मी काही बोलले नाही. सातवीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि धाकट्या दोघांना बघायला मी घरी राहिले. नवऱ्याला खोपोलीत टेंपो चालवायचं काम मिळालं, म्हणून इतक्या लांब आलो. मुलं इथल्या शाळेत रुळली होती. हे काम गेलं असतं तर मला आणि मुलांना परत गावी जाऊन सोयाबीन कापायला लागावं लागलं असतं. म्हणून रोज गेटमधून आत जाताना वाटायचं, आज कोणीतरी दाखला मागणार.

आमच्या मशिनवर पूर्वी प्रत्येक कानात मापाची पिन घालून बघायचे. नव्या पद्धतीत सरांनी ते बंद केलं. त्याऐवजी दर तासाला एक कान घ्यायचा, भोकाचं माप आकडे दाखवणाऱ्या व्हर्नियरनं बघायचं, तक्त्यात लिहायचं. दिवसाचे आठ आकडे. त्या आकड्यांचा कॉम्प्युटरवर आलेख निघतो आणि मशिन कुठे चाललंय ते आधीच कळतं. पद्धत चांगली होती. मशिनसमोरच्या भिंतीवर तक्ता कसा भरायचा त्याचा नमुना काचेत लावला होता. आठ ओळी, आठ आकडे, शेवटी शेरा: ठीक.

मी तो नमुना बघितला आणि उतरवून घेतला. रोज.

हसू येईल वाचणाऱ्याला. पण शाळेत मला एवढंच नीट जमायचं, फळ्यावरचं उतरवून घेणं. बाईंनी फळ्यावर लिहिलेलं बरोबर असतं आणि आपलं डोकं चूक असतं, हे मला पहिलीपासून पाठ होतं. मला वाटलं, मापं असतात ती हीच. दर तासाला व्हर्नियर लावायचे, आणि मग भिंतीवर बघून लिहायचे. तीन आठवडे.

माझा आलेख इतका सुरेख आला की पेंडसे सरांनी मोठा कागद काढून नोटीस बोर्डावर लावला. गुरुवारी गिऱ्हाईक कंपनीचा माणूस तपासणीला येणार होता, त्याला हेच मशिन दाखवायचं ठरलं. लाइनची आणखी एक मोठी गोष्ट होती. फाटकाजवळ एक पाटी होती, 'तक्रारीविना दिवस', आणि तिच्यावरचा आकडा ताई रोज सकाळी आल्या आल्या स्वतः बदलायच्या. तो शंभराच्या पुढे गेला होता. वर्षअखेरीच्या मोठ्या बक्षिसासाठी सरांनी ताईंचं नाव त्या आकड्यावरच वर पाठवलं होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्या आलेखापुढे उभ्या राहिल्या. बडीशेप. पुन्हा बडीशेप.

"वाशीम, ये हिकडं. ह्यो डोंगर बघ. सोमवारी तोच, मंगळवारी तोच, गेल्या हप्त्यात बी तोच." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "समोर राजमाची दिसते बघ. ती बी पावसाळ्यात येगळी दिसते, उन्हाळ्यात येगळी. तुझा रोज तोच कसा गं?"

मी खिडकीबाहेर राजमाचीकडे बघत राहिले.

"बरं, सांगू नको. तक्ता कसा भरतेस ते करून दाखव."

मी मशिनपाशी गेले. कान घेतला, व्हर्नियर लावला, खाली ठेवला. भिंतीकडे बघितलं, आकडा लिहिला. पुन्हा भिंतीकडे बघितलं, ठीक लिहिलं.

ताईंनी भिंतीकडे बघितलं. तक्त्याकडे बघितलं. परत भिंतीकडे. आणि क्रेटवर बसून त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "तुझ्या भोकांना पाढा पाठ हाय गं!" मीही घाबरून हसले. मग त्या एकदम थांबल्या.

"आन् व्हर्नियरमधी काय दिसतं?"

"वेगळं दिसतं."

"कसं येगळं?"

"पहिल्यांदा जवळ जवळ तेच दिसायचं. मग कमी कमी होत गेलं. परवापासून दहाच्या जागी नऊ दिसतंय. नऊ आणि पुढे सत्त्याण्णव. मला वाटलं, मी चुकीचं बटण दाबते."

मशिनमधली टोचणी झिजली की भोक बारीक होतं. दहाच्या खाली गेलं की बोल्ट जात नाही. हे मला तेव्हा कुठं माहीत होतं. ताईंना माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"म्हंजे तुला दिसत व्हतं. तीन हप्ते तुझ्या डोळ्यांला खरं दिसत व्हतं, आन् तू भिंतीवरचं खरं मानलंस."

त्या बोलल्या हळूच. पण तेव्हा मला रडू फुटलं, आणि रडता रडता दहावीचंही सांगून टाकलं. दाखला नाही, सातवी, कंत्राटदार, सगळं. ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. काहून म्हणून एकदाही विचारलं नाही.

"चल," म्हणाल्या. "सायबाला सांगायचं. तू बोल. मी बाजूला उभी हाय."

पेंडसे सरांचा चेहरा पांढरा पडला. आधी माझ्यामुळे, मग आलेखामुळे, मग गुरुवारमुळे. बराच वेळ ते टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.

"ताई, इथला माल आपण आजच्या आज तपासून घेऊ. पिन लावून. जो खराब तो बाजूला. उद्या तो माणूस यायच्या आत."

"आन् सोमवारी गेलेली गाडी?"

"तिकडून काही तक्रार आलेली नाही अजून."

"येईल ना. बोल्ट जानार नाय, तवा येईल."

"ताई, पाटीवरचा आकडा... तुमचं नाव पाठवलंय मी. शून्य झाला तर यंदा ते गेलंच."

ताईंनी डबी काढली, आत बघितलं, तशीच बंद करून खिशात ठेवली. "सायेब, तुमी फोन लावा. तुमाला जमत नसंल तर मला लावून द्या."

सर भले माणूस. त्यांनी स्वतःच लावला.

मी बाहेर आले तेव्हा ताई फाटकाजवळच्या पाटीपुढे उभ्या होत्या. कोटाच्या बाहीनं त्यांनी आकडा पुसला आणि शून्य काढलं. चांगलं गोल, सावकाश. पहारेकरी म्हणाला, "ताई, कुनी तक्रार केली?"

"आमीच केली," ताई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्या बायका पिना घेऊन बसलो. एकेका कानात पिन घालायची. गेली की डावीकडे, अडली की उजवीकडे. ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. अडलेल्या कानांचे दोन क्रेट भरले. कोणी मला एक शब्द बोललं नाही, कारण ताईंनी आधीच सगळ्यांना सांगितलं होतं, "हिनं चूक केली नाय. आपन भिंतीवर उत्तर लावून ठिवलं आन् मग गनित घातलं."

गुरुवारी तो तपासणीचा माणूस आला. त्याला ताईंनी पहिल्यांदा नेलं ते त्या दोन क्रेटपाशी. नंतर ताई, मी आणि दिनेश कंपनीच्या गाडीतून त्यांच्या कारखान्यात गेलो, पोचलेला माल तपासायला. तिथे मी पहिल्यांदा बघितलं, आपला कान कुठे जातो ते. एका ओळीत इंजिनं उभी, आणि माझ्याएवढीच एक बाई एका हातानं कान धरते, दुसऱ्या हातानं बोल्ट घालते. अडला की तिचा हात थांबतो, मागची सगळी ओळ थांबते. ताईंनी मला तिथे बराच वेळ उभं केलं. त्या बाईनं विचारलं, "तुमचा का हा?" मी म्हटलं, "हो, मीच टोचते." ती म्हणाली, "परवा दोन अडले होते, मला वाटलं माझंच चुकतंय."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. परतीच्या वाटेवर डबी फिरवली.

कंपनीत एक मोठा तक्ता असतो, कोणाला कोणतं काम किती येतं त्याचा. नावापुढे गोल, येईल तेवढा भरलेला. पेंडसे सरांनी माझ्या कागदावर शिक्षण सातवी असं दुरुस्त केलं आणि स्वतःची सही केली. मापाच्या कामाचा माझा गोल पुसून रिकामा केला. तो परत भरायला मला पाच महिने लागले. ताई रोज सकाळी दहा कान टेबलावर ठेवायच्या, मापाच्या चिठ्ठ्या उलट्या घालून. मी माप सांगायचं, मग चिठ्ठी उलटायची. जुळलं नाही तर म्हणायच्या, "चिठ्ठी बी चुकू शकते. परत बघ." दोनदा खरंच चिठ्ठी चुकली होती. ती त्यांनी मुद्दाम चुकवली होती की काय, ते मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

आणि तास संपला की फळ्यावर लिहायचं काम माझं. पहिले काही दिवस मी 'टोचणी बदलली' एवढेच दोन शब्द लिहायचे. ताई मागे येऊन उभ्या राहायच्या. "कशी बदलली? कुनी बदलली? किती येळ लागला? काय झालं, ते लिही. शुद्ध-अशुद्ध फळा बघत नाय." भिंतीवरचा नमुनाही त्यांनी काढून टाकला. नवा लावला त्यात आठही चौकटी रिकाम्या आहेत आणि वर लिहिलंय, 'तुला दिसेल ते लिही.' नवीन येणाऱ्या मुलींना आता तो नमुना मी समजावते. पाटीवरचा आकडा पुन्हा शंभराच्या पुढे गेला, मग एकदा खाली आला, मग परत चढला. मोठं बक्षीस ताईंना पुढे कधी मिळालं नाही. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी काही ऐकलं नाही.

निरोपाच्या दिवशी सरांनी कार्यक्रम लाइनपाशीच ठेवला, दुपारी दोनच्या तासाला. फुलांचा गुच्छ, साडी, समोसे. दिनेश भाषण करायला उभा राहिला आणि "ताई..." एवढंच बोलून खाली बसला. सर चांगलं बोलले. पाचरीची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. ताईंना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "मशिनं थंड पडतील. चला."

तीन वाजले. बसला दहा मिनिटं होती. ताईंनी कोट घडी करून स्टोअरच्या खिडकीत दिला, डबी माझ्या हातात दिली, आणि फळ्यापाशी गेल्या. मला वाटलं, एकदा डोळे भरून बघतायत. तर त्यांनी लाल पेन काढलं.

"ताई, आज तरी राहू द्या," पेंडसे सर म्हणाले.

"ऱ्हाऊ दिलं तर उद्या कुनी इचारंल ना सायेब, एकोनीस कान कुठं गेले?"

लिहिलं, पेन दोरीला परत लटकवलं, आणि बूट वाजवत फाटकाकडे गेल्या. गुच्छ एका हातात खाली धरलेला, पिशवी धरावी तसा. पाटीपाशी क्षणभर थांबल्या, आकडा बघितला. मग बस आली.

पाळी संपली की फळा पुसायचा, असा नियम आहे. तो मीच पुसते. त्या दिवशीही पुसला, नाहीतर त्यांनी कडावहून फोन करून झापलं असतं. पण पुसायच्या आधी वही काढली आणि फळ्यावरचं उतरवून घेतलं, जसंच्या तसं, शाळेतल्यासारखं:

दोन ते तीन. ठरलेले साठ. झालेले एक्केचाळीस. काय झालं: निर्मला गायकवाड घरी चालली म्हणून सगळे एकोणीस मिनिटं थांबले.